लोखंडात उमटलेला पाय

१

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी भंगाराचा ढीग हलवताना त्र्यंबक हेर्लेकरांच्या हाताला एक तुकडा लागला. ढीग हलवणं हे काही त्यांचं काम नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दादांची फौंड्री होती आणि तिथे ते कामगार कल्याण अधिकारी होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी मांडव पडायचा होता. त्या मांडवाची त्यांना इतकी घाई झाली होती, की बाह्या सरसावून ते स्वतःच पुढे झाले होते.

तुकडा भाकरीएवढा होता आणि भाकरीसारखाच पातळ. फौंड्रीत असे तुकडे नवीन नाहीत. भट्टीत लोखंड वितळवतात, त्याचा लालभडक रस लांब दांड्याच्या पळीत घेतात आणि वाळूच्या साच्यात ओततात. ओतताना पळी कलली, की रस जमिनीवर सांडतो आणि ओलसर वाळूवर पसरता पसरता थिजतो. तो तुकडा भंगारात टाकायचा, पुढच्या खेपेला तो पुन्हा भट्टीत जातो. एवढंच.

या तुकड्याची एक कड मात्र विचित्र होती. त्र्यंबकरावांनी ती उन्हात धरली. कडेला आत वळलेला एक मोठा गोल होता, आणि त्याच्या शेजारी उतरत गेलेले चार लहान गोल. त्यातल्या पहिल्याच्या बुडाशी एक बारीक फुगवटा होता.

अंगठा आणि चार बोटं.

रस सांडला तेव्हा तिथे कुणाचा तरी पाय होता. बूट नव्हे, उघडा पाय. रस त्या पायाला वेढून थिजला होता.

त्यांनी तुकडा पटकन पाठीमागे धरला. का धरला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर फाटकाजवळ काळा फळा होता. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर त्यांनीच तो तिथे लावला होता. पुण्याला एका शिबिरात त्यांनी ही कल्पना ऐकली आणि दादांच्या गळी उतरवली: ओतकाम खात्यात वर्षभर एकही अपघात झाला नाही, तर खात्यातल्या प्रत्येकाला अंघोळीचं पाणी तापवायचा पितळी बंब. एकालाही लागलं, तर मात्र कुणालाच नाही. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळेल, असं त्यांचं गणित होतं. सोबत प्रत्येकाला जाड बूटही दिले होते.

वर्ष उद्या पुरं होत होतं. ऑफिसच्या खोलीत सोळा नवे कोरे बंब ओळीने उभे होते. आणि फळ्यावर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: अपघात एकही नाही.

२

आबा मिस्त्री खात्याचे प्रमुख. तीस वर्षं साचे घालून त्यांचे हात कोळशासारखे झाले होते. त्र्यंबकरावांनी तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"आबा, हे काय?"

आबांनी तुकडा उलटासुलटा केला. "रस सांडलेला दिसतोय."

"आणि ही बोटं?"

"बोटं कुठली साहेब. वाळूवर रस कसाबी पळतोय. मागं एकदा गणपती उमटलाता. पूजा केली आम्ही त्याची."

"शनिवारी भट्टी पेटली होती. त्यानंतर पेटलेली नाही. म्हणजे हा शनिवारचा तुकडा. शनिवारी कुणाला भाजलं?"

"कुणाला न्हाय."

"नक्की?"

"सोळाच्या सोळा माणसं कामावर हाईत. मोजून घ्या. रस पायावर पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी नाचत कामावर येतोय व्हय?"

हे खरं होतं. आणि त्यातच कोडं होतं. त्र्यंबकरावांनी बूट तपासले. सगळे जाड, सगळे धड, एकालाही डाग नाही. मग उघडा पाय आला कुठून? बूट घालणं सक्तीचं होतं. फाटकातून आत येताना ते स्वतः पायांकडे बघत असत.

भट्टीच्या तोंडाशी नारळाची करवंटी पडली होती. ती त्यांनी पायाने उलटी केली.

"हा नारळ केव्हाचा?"

"शनिवारचा. नवरात्रातली भट्टी. नारळ फोडल्याबिगर पहिली पळी कुणी उचलत न्हाय."

"आणि नारळ फोडताना पायात बूट असतात?"

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखादा माणूस देवळात चपला घालून शिरलेल्याकडे पाहतो. "भट्टीम्होरं पायताण घालून कोण हुबं ऱ्हाईल साहेब? पहिली पळी अनवानीच वतायची. माझ्या बाच्या वक्तापासनं हाय हे."

वर्षभर त्र्यंबकरावांनी माणसांचे पाय फाटकाशी तपासले होते. भट्टीशी एकदाही नाही.

"सगळ्यांना बोलवा," ते म्हणाले. "नळावर. आणि बूट काढायला सांगा."

३

नळाशी सोळा माणसं ओळीने उभी राहिली. थट्टा सुरू झाली, ती व्हायचीच होती.

"साहेब, लगीन जमवायलायसा काय कुणाचं? पाय बघून?"

"ह्याचं बघू नगा, हा बूट काढला की मान्सं पळत्यात."

त्र्यंबकराव हसले नाहीत. एकेका पायाशी वाकून ते तुकड्याची कड धरून बघत होते. जुने व्रण होते. ठिकठिकाणी काळे ठिपके होते, नखं फुटलेली होती. पण ताजं भाजलेलं एकही नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: ही सगळी पावलं तुकड्यातल्या पावलापेक्षा मोठी होती.

ओळीच्या शेवटी बाबासो उभा होता. पळी धरणारा तोच. सकाळी तालमीत जाणारा, खांद्याने दार अडवेल असा गडी. त्याचे पाय दोन्ही चांगले होते, पण तो त्र्यंबकरावांकडे न बघता नळाकडे बघत होता. नळ तर बंद होता.

"बाबासो, शनिवारी पहिली पळी कुणी ओतली?"

"मीच."

"सांडली?"

"थोडी." त्याने ओठ चाटले. "नारळाचं पाणी सांडलंतं. पाय सरकला. जिमिनीवर सांडली, साहेब. जिमिनीवरच."

"शेजारी कोण होतं?"

मघाची थट्टा कुठल्या कुठे गेली. आबा घसा खाकरून म्हणाले, "पूजेची तयारी करायची हाय, साहेब. जाऊ का?"

सोळा माणसं एकदम खोटं बोलत होती, आणि सोळांचेही पाय धड होते.

४

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हाही तुकडा त्यांच्या पिशवीत होता. कालिंदीबाई मोरीत पायाला साबण चोळत बसल्या होत्या.

"काय चाललंय?"

"जोडवं रुतलंय हो. बोट सुजलंय, निघता निघत नाही. तुम्ही पान मांडून घ्या, मी आलेच."

त्या उठल्या आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या. त्र्यंबकराव पाट मांडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटली होती. अंगठा आणि चार बोटं. आणि दुसऱ्या बोटाच्या बुडाशी, बाहेर आलेला एक बारीक फुगवटा.

त्यांनी पिशवीतून तुकडा काढून पावलाशेजारी ठेवला. सकाळपासून तो फुगवटा ते बघत होते. रसात बुडबुडा राहिला असेल, वाळूचा खडा असेल, असं समजून त्यांनी तो सोडून दिला होता.

"हे काय आणलंय जेवायच्या जागी?" कालिंदीबाई ताट घेऊन आल्या.

"पाय आहे," ते म्हणाले. "बाईचा. जोडवं घातलेल्या बाईचा."

"कुठल्या बाईचा?"

"आमच्याकडे बायका नाहीत. म्हणजे, ओतकाम खात्यात नाहीत."

"नाहीत कशा? गेल्या वर्षी मी तिळगूळ द्यायला आले, तेव्हा वाळू चाळत बसल्या होत्या तिघी. काळ्याठिक्कर. मला आधी कळेना कुठली कोण."

त्र्यंबकराव ताटाकडे बघत राहिले. वाळू चाळणाऱ्या बायका मुकादमामार्फत येत. त्यांची हजेरी मुकादमाकडे, पगार मुकादमाकडे. बंबाची योजना आखताना त्यांनी खात्यातली माणसं मोजली होती, ती सोळा भरली होती. बूट मागवले तेही सोळा जोड. सकाळी नळावर पाय तपासले तेही सोळांचेच. तिन्ही वेळा त्या बायका तिथे, शेडच्या सावलीत बसलेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा त्यांना त्या दिसल्या नव्हत्या.

"अहो, जेवा की."

"ते जोडवं," त्यांनी विचारलं, "नाही निघालं तर काय होतं?"

"काय व्हायचंय? सोनाराकडून कापून घ्यायचं. राहू दिलं तर बोट काळं पडेल."

ते ताटावरून उठले.

५

वाळूच्या शेडमध्ये दोघीच होत्या. शेवंताबाई आणि धोंडुबाई. शेवंताबाई विधवा, त्यांच्या बोटांत जोडवी नव्हती. धोंडुबाईंच्या पायात जोडवी होती आणि पाय धड होते. दोघी अनवाणी होत्या. वाळूत चपला चालत नाहीत, म्हणून बायका त्या भिंतीशी काढून ठेवत.

भिंतीशी चपलांचे तीन जोड होते.

"तिसरी कुठं आहे?"

"अंजना व्हय?" धोंडुबाई चाळणीवर वाकल्या. "गडहिंग्लजला गेली म्हायेरी. बाबासोची बायकू. सणाला गेली."

तिसरा जोड नवा होता. त्याला लाल गोंडे होते आणि कातडं अजून झिजलंही नव्हतं. दसऱ्यासाठी घेतलेली चप्पल भिंतीशी टाकून सणाला माहेरी अनवाणी जाणारी बाई त्यांनी तरी ऐकली नव्हती.

ते तडक दवाखान्याच्या खोलीत गेले. दवाखाना म्हणजे एक खाट, एक कपाट आणि श्यामलाबाई नावाच्या परिचारिका.

"सिस्टर, शनिवारनंतर भाजल्याचं मलम कुणी नेलं?"

श्यामलाबाईंनी कपाट उघडलं. मलमाच्या डब्यांची फळी जवळजवळ रिकामी होती.

"शेवंताबाईंनी. चुलीवर बोट भाजलं म्हणाल्या. रोज एक डबा नेतात."

"एका बोटाला रोज एक डबा?"

"बोट त्यांनी दाखवलं नाही. मी विचारलं नाही." श्यामलाबाई खुर्चीत बसल्या. "विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं. आणि लिहिलं असतं तर सोळा घरांनी मला शिव्या दिल्या असत्या. तुम्हीसुद्धा खूश झाला नसता, साहेब."

त्र्यंबकरावांनी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. श्यामलाबाईंनी क्षणभर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जोडवं बोटावरच आहे? पाय सुजला की ते गळफासासारखं आवळतं. रक्त पोचत नाही. तीन दिवस झाले असतील तर बोट काळं पडलं असेल. पुढे विष वर चढतं. मग पाय जातो, आणि उशीर झाला तर बाईही जाते. मलमानं काही होणार नाही. ती कुठं आहे?"

"तेच शोधायचंय."

दारात बाबासो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबासो, अंजना कुठं आहे?"

"गडहिंग्लजला." त्याने दाराची चौकट धरली. "यष्टीनं गेली."

"चप्पल इथं ठेवून?"

बाबासोने मान खाली घातली. "साहेब, उद्याचा दिस जाऊ द्या. मग इचारा. सोळा घरचा बंब माझ्यापायी गेला तर मी तोंड कुठं दावू? तिनंच शपथ घातलीया मला. शपथ मोडता येत न्हाय."

"ऐकलंस ना सिस्टर काय म्हणाल्या ते?"

"ती म्हनती बरं वाटतंय." त्याने डोळे पुसले, आणि काळा हात गालावरून फिरला. "बरं वाटतंय म्हनती."

६

दादांनी तुकडा हातात घेतलासुद्धा नाही.

"त्र्यंबकराव, उद्या मुंबईहून पाहुणे येताहेत. तुमच्या योजनेचं कौतुक करायला येताहेत, माझ्या नव्हे. ही बाई आपल्या हजेरीत आहे का?"

"नाही."

"मग अपघात आपला कसा? परवा बघू. मुकादमाला सांगून चार पैसे देऊ तिला. उद्याचा दिवस पार पडू द्या."

आपल्या मनातलंच दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार वाईट वाटतं. त्र्यंबकरावांना तसंच वाटलं. बाबासोही हेच म्हणाला होता, आणि दवाखान्यातून इथवर येताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांच्या मनातही हेच येत होतं. एक दिवस. फक्त उद्याचा दिवस. पुण्याच्या शिबिरात त्यांना भाषणाला बोलावलं होतं, ते पत्र अजून टेबलावर होतं.

"दादा," ते म्हणाले, "परवापर्यंत ती जिवंत असेल की नाही मला माहीत नाही."

"तिचा पत्ता तरी माहीत आहे का तुम्हाला?"

माहीत नव्हता. पण जिना उतरताना त्यांनी शांतपणे विचार केला, जसा सकाळीच करायला हवा होता. बाई चालू शकत नाही, म्हणजे ती लांब गेलेली नाही. बाबासोच्या गल्लीत ती नसणार. तिथे बायकांच्या तोंडून तासाभरात सगळ्या पेठेला कळलं असतं. मलम मात्र रोज एकाच घरी जात होतं. शेवंताबाईंच्या घरी.

आणि तिथे कुणी शोधायला येणार नाही, हे लपवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. बाबासोच्या भावकीतला एकही माणूस शेवंताबाईंच्या वस्तीत पाणी प्यायला गेला नव्हता. हेर्लेकर तरी कुठे गेले होते?

त्यांनी फाटकाशी टांगा थांबवला आणि श्यामलाबाईंना हाक मारली.

७

शेवंताबाईंच्या घराला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली ताजी फुलं होती. दारात शेवंताबाई उभ्या होत्या. कामावरून त्या या दोघांच्या आधीच पोचल्या होत्या.

"या, साहेब," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत हुतो. एवढा वेळ लावला?"

आतल्या खोलीत घोंगड्यावर अंजना पडली होती. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. पाय केळीच्या पानावर ठेवलेला होता. श्यामलाबाईंनी पान बाजूला केलं, आणि त्र्यंबकरावांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"रोज म्हनतोय तिला, चल दवाखान्यात," शेवंताबाई मागून बोलत होत्या. "ऐकत न्हाय. म्हनती, परवाच्याला जातो. मी काय करू? माझ्या घरी आलीया, माझ्या वचनात हाय. पर दार उघडं ठेवलंतं मी रोज. कुणीतरी यील म्हनून."

"कशी आणली तिला?"

"ढकलगाडीवर. पोत्याखाली. आबा मिस्त्री आन् बाबासोनं. रडली न्हाय पोरगी. पदर तोंडात धरलाता."

अंजनाने डोळे उघडले. समोर कोण आहे हे कळायला तिला वेळ लागला. मग तिने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, लपवायला.

"काय झालं न्हाय साहेब," ती म्हणाली. "चुलीवर भाजलंय."

८

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात संध्याकाळी चौघं बसले होते. त्र्यंबकराव, आबा, बाबासो आणि जरा दूर शेवंताबाई. आत डॉक्टर जोडवं कापत होते.

त्र्यंबकरावांनी सगळं जुळवून सांगितलं. सणाच्या घाईत शनिवारी शेवटची भट्टी. वाळू कमी पडली म्हणून बायकांना साच्यांपर्यंत बोलावलेलं. नारळाचं पाणी जमिनीवर, पळीवाला अनवाणी. पाय घसरला, पळी कलली, रस सांडला तो पाटी घेऊन उभ्या असलेल्या त्याच्याच बायकोच्या पायावर. ते लपवायचं ठरवलं आबांनी. आणि तुकडा उचलून भंगारात टाकणारा इतका घाबरलेला, की त्याने तो उलटा करून बघितलासुद्धा नाही.

"मीच टाकला," आबा म्हणाले. "बरोबर हाय समदं. एक सोडून."

"कुठलं?"

"तुम्ही म्हनला, लपवायचं मी ठरवलं. मी न्हाय ठरवलं."

"मग कुणी? अंजनानं?"

"तिनं शपथ घातली. पर तिच्या आदी तुम्ही बोललासा." आबांच्या आवाजात राग नव्हता. उन्हाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "शुक्रवारी. च्याच्या वक्ताला. तुम्ही म्हनला, आता खंडेनवमीपतुर कुणी खरचटूनबी घेऊ नका रे. घेतलंच तर निदान मला दिसू देऊ नका. हसला तुम्ही. आम्हीबी हसलो."

त्र्यंबकरावांना तो चहा आठवला. आलं जास्त झालं होतं. आपण हसलो होतो हेही आठवलं, आणि कप ठेवून आपण फळ्याकडे बघितलं होतं, हेही.

"थट्टा होती ती, आबा."

"व्हय. पर साहेबाची."

आतून डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली होती. पाय वाचला होता. "उद्या आणलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो," ते म्हणाले.

बाबासो भिंतीला डोकं टेकून बसला. त्र्यंबकरावांना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आपला हात तिथे शोभणार नाही असं वाटून त्यांनी तो मांडीवरच ठेवला.

९

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. सोळा बंबांना हळदीकुंकू लागलं होतं. पुढच्या रांगेत कामगारांच्या बायका नव्या लुगड्यांत बसल्या होत्या. पाहुण्यांनी योजनेचं कौतुक केलं आणि दादांनी त्र्यंबकरावांना बोलायला उभं केलं.

ते माईककडे गेलेच नाहीत. फळ्याकडे गेले, ओल्या फडक्याने तो पुसला, आणि काय घडलं ते तिथूनच सांगितलं. अंजनाचं नाव सांगितलं. तिच्यासाठी बूट मागवले नव्हते, हे सांगितलं. शुक्रवारचं वाक्यही सांगितलं. दादांकडे त्यांनी बघितलं नाही.

मग आबांची बायको बयाबाई उठल्या. "एवढं खरं बोलायचं हुतं तर सकाळच्याला घरी निरोप धाडायचा," त्या म्हणाल्या. "हळदकुकू लावून आमच्याम्होरं मांडायचं कशाला? बघायला?" त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या. त्यांच्यामागून बाकीच्या गेल्या.

दुपारी ते दवाखान्यात गेले. अंजनाचा ताप उतरला होता. खाटेशी शेवंताबाई बसल्या होत्या.

"बंब मिळालं समद्यास्नी?" अंजनाने विचारलं.

त्र्यंबकरावांना खोटं बोलता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "कुणालाच नाही."



"मग मी तीन दिस पदर चावून कशापायी पडलो?" ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. ते उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला. कुणी नमस्कार केला नाही. त्र्यंबकराव आपल्या टेबलाशी बसले. दादा बोलावतील आणि राजीनामा मागतील, अशी त्यांची खात्री होती. तो त्यांनी लिहून खिशात ठेवला होता.

दार वाजलं. आबा मिस्त्री होते. ते आत आले आणि त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटाच्या वर तळहाताएवढं कातडं गुळगुळीत, गुलाबी होतं. भाजून बरं झालेलं. वर्षभर पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली होतं ते.

"लिवून घ्या," आबा म्हणाले.

त्र्यंबकरावांनी पेन काढलं. कागद ओढताना त्यांना आबांच्या खांद्यावरून दारापलीकडचं दिसलं. एकजण पँट गुडघ्यापर्यंत वर करून उभा होता. त्याच्यामागचा बोटाची चिंधी सोडत होता. त्याच्यामागे आणखी कुणी, आणि त्याच्याहीमागे. रांग जिन्यावरून खाली गेली होती, आणि खाली कुठेतरी धोंडुबाईंचा आवाज येत होता, "मला म्होरं सरकू द्या की."

"केव्हाचं आहे हे?" त्यांनी आबांना विचारलं.

"फळा लावलासा न्हवं," आबा म्हणाले, "त्याच आठवड्यातलं."

त्र्यंबकराव उठले. खोलीतली दुसरी खुर्ची त्यांनी आबांपुढे ओढली, आणि ते बसेपर्यंत उभेच राहिले.